दोन मीटर म्हणजे नक्की किती?

गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे मिसळ खायला गेलो होतो. (नाशिककराचा रविवार दुसरा कसा सुरू होणार?) सोबत कॉलेजातला एक मित्र होता. पहिला पाव संपायच्या आत पठ्ठ्याने लॅपटॉप उघडला आणि एक प्रपोजल दाखवायला लागला. विषय, २०२७ चा सिंहस्थ. घाटावर येणाऱ्या भाविकांच्या मनगटावर ब्लूटूथचे पट्टे, स्वयंसेवकांच्या खिशात फोन, आणि हे सगळे मिळून एकमेकांमधलं अंतर मोजणार. माणसं फार जवळ आली की कंट्रोल रूममधल्या नकाशावर तेवढा भाग लाल. कल्पना ऐकायला झकास. स्लाइड नंबर सातवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : अचूकता १ मीटर.

"तू ते बीकनचं काम केलंयस ना? बरोबर आहे ना हे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग दीड करू?"

आता याला काय सांगणार! त्याला वाटलं मी भाव खातोय. मला एवढंच म्हणायचं होतं की एकच्या जागी दीड लिहिण्याचा हा प्रश्नच नाही, पण तर्री निवत होती, मागे लोक टेबलासाठी ताटकळत उभे होते, आणि मला नीट सांगताही आलं नाही. घरी आल्यावर मात्र डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

तर पहिली गोष्ट. ब्लूटूथ अंतर मोजतच नाही. तुमच्या फोनला फक्त एवढंच कळतं की समोरून आलेला सिग्नल किती जोरात पोचला. त्या आकड्याला आरएसएसआय म्हणतात. अंतर आपण त्यावरून *ताडतो*. रात्री लाइट गेलेत, अंगणातून कोणीतरी हाक मारतंय, आणि आवाजाच्या जोरावरून तुम्ही म्हणताय की "हा दहा पावलांवर असेल". हाक मारणारा जोरात ओरडतोय की पुटपुटतोय, तोंड तुमच्याकडे आहे की भिंतीकडे, मधे दार आहे का, यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. तरी तुम्ही आकडा सांगता. आणि सॉफ्टवेअर तर तो दशांश चिन्हासकट सांगतं!

हिशोब कसा करतात तेही बघू, अवघड नाही. बीकनपासून एक मीटरवर सिग्नल किती येतो ते आधी मोजून ठेवतात. समजा उणे ५९ डेसिबल (काटेकोर बोलायचं तर डीबीएम, पण इथे डेसिबलच म्हणू). मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. म्हणजे दोन मीटरवर उणे ६५, चार मीटरवर उणे ७१, दहा मीटरवर उणे ७९. बारावीच्या फिजिक्समधला अंतराच्या वर्गाचा नियम, बाकी काही नाही. उलट करायचं असेल तर आकडा बघा आणि अंतर सांगा.

आता या शिडीकडे नीट बघा. ६ डेसिबलची चूक झाली की उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं. दोन मीटरचे चार होतात, नाहीतर एक. आणि ६ डेसिबलची चूक म्हणजे फार नाही हो. फोन खिशातून काढून हातात घेतला तरी तेवढा फरक पडू शकतो. म्हणूनच "अचूकता १ मीटर" या वाक्याला मुळातच अर्थ नाही. चूक मीटरमध्ये नसते, ती पटीत असते. जवळ असताना थोडी, लांब गेलात की अंतराबरोबर तीही वाढत जाते. स्लाइडवर एकच आकडा लिहायचा असेल तर लिहायचा कुठला?

एवढ्यावर भागत नाही. ब्लूटूथचे बीकन आपली आरोळी तीन वेगवेगळ्या चॅनेलवर ठोकतात, २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. एकाच जागी बसलेल्या फोनला या तिन्हींचा जोर वेगवेगळा मिळतो, आणि कुठला आकडा कुठल्या चॅनेलचा हे अ‍ॅपला सहसा कळतही नाही. शिवाय या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. भिंतीवर, लोखंडी कपाटावर, फरशीवर आपटून आलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळतात. कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. फोन टेबलावर चार बोटं सरकवला तरी सिग्नल धाडकन पडू शकतो. अंतर तेवढंच, आकडा भलताच.

अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयबीकन आणलं तेव्हा त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डेव्हलपरला मुख्यतः चार शब्द दिले : अगदी जवळ, जवळ, लांब, माहीत नाही. मीटरमधला आकडाही दिला, पण त्याचं नाव "अंतर" ठेवलं नाही, "अ‍ॅक्युरसी" ठेवलं, आणि यावरून नेमकी जागा ठरवू नका असंही डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलं. डॉक्युमेंटेशन कोण वाचतं म्हणा! आम्ही सगळ्यांनी तो आकडा उचलला, शेजारी "मी." लिहिलं आणि क्लायंटला दाखवला.

आम्ही म्हणजे मीसुद्धा. तेच सांगायचंय.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिला एका कारखान्याचं काम मिळालं. दोघांचीही नावं सांगत नाही, गरज नाही. गोडाऊनमध्ये उंच लोखंडी रॅक, मधल्या गल्ल्यांतून फोर्कलिफ्ट फिरतात आणि त्याच गल्ल्यांतून माणसंही चालतात. एकदा एकाच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं होतं. तर काम असं, की कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला बीकन आणि फोर्कलिफ्टवर रिसीव्हर. माणूस तीन मीटरच्या आत आला की केबिनमध्ये भोंगा. एवढंच.

मी नवा होतो, उत्साह दांडगा. ऑफिसच्या पॅसेजमध्ये डेमो मस्त चालला. मी बीकन हातात धरून चालत येतोय, स्क्रीनवर सहा, पाच, चार, तीन, आणि पों! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर गोडाऊनमध्ये गेलो आणि आकडे नाचायला लागले. माणूस जागचा हलत नाहीये आणि स्क्रीनवर अडीच, सात, चार, अकरा. मॅनेजर म्हणाला, "अरे, स्मूदिंग टाक ना." टाकलं. मागच्या काही वाचनांची सरासरी, मग त्यावर कालमान फिल्टर. आकडा छान शांत झाला. क्लायंटचा सेफ्टी ऑफिसरही खूश. "आता स्टेबल आहे," म्हणाला.

शांत आणि बरोबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण डेमो पास झाला होता ना.

त्या शनिवारी मी एक बीकन घरी आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजायला बसलो. टेप धरायला बाबांना खाली बोलावलं. बाबा रिटायर व्हायच्या आधी जमीन मोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर शेताच्या बांधांवर साखळ्या ओढलेला माणूस, नंतर नंतर मशिनं आली तरी टेप हातात घ्यायची त्यांची एक पद्धत आहे. त्यांनी दोन मीटर मोजून खडूने रेघ मारली. मी बीकन त्यांच्या कमरेला लावला आणि फोन स्टँडवर ठेवला. माझ्याकडे तोंड करून उभे राहिले तेव्हा फोनवर आकडा दोनाच्या आसपास. मग शेजारच्या काकांनी हाक मारली म्हणून बाबा वळले. पाठ माझ्याकडे, बीकन पोटाच्या बाजूला. आकडा चढत चढत नऊच्या वर गेला. खडूची रेघ तिथेच, बाबाही तिथेच.

मला वाटलं बॅटरी गेली. मग कागदावर हिशोब मांडला तेव्हा ट्यूब पेटली. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात चांगलीच शोषली जाते. (मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो.) मधे एक माणूस आला की १० ते २० डेसिबल सहज जातात. समजा १४ गेले. दोन मीटरचा सिग्नल उणे ६५, त्यातून १४ गेले, राहिले उणे ७९. वरची शिडी आठवा. उणे ७९ म्हणजे दहा मीटर!

बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांना डेसिबल वगैरेत काही रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "ही चूक दोन्हीकडे होते की एकाच बाजूला?"

"म्हणजे?"

"अरे, साखळीच्या चुका दोन जातीच्या. एक, वाचताना कधी थोडं जास्त कधी थोडं कमी धरलं जातं. ती शंभर साखळ्यांत आपोआप जिरते. दुसरी, साखळीच ताणून लांब झालेली असते. मग प्रत्येक वेळी माप कमीच भरणार. ती जिरत नाही, साठत जाते. तुझी कुठली?"

सिव्हिलवाल्यांना हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात म्हणे. मी कॉम्प्युटरवाला, चार वर्षं नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनची घंटा काढत बसलो आणि गृहीत धरलं की चूक म्हटली की ती दोन्ही बाजूंना सारखी असणार, सरासरी काढली की संपली. इथे तसं नव्हतं. परावर्तनामुळे सिग्नल कधीकधी वाढतो हे खरं, काही डेसिबलने. पण मधे काहीही आलं, माणूस, रॅक, पाण्याचा ड्रम, तर तो कमीच होणार, आणि तेही पंधरा-वीस डेसिबलने. म्हणजे मोठी चूक जवळजवळ नेहमी एकाच बाजूला : जवळचा माणूस *लांब* दिसतो.

फोर्कलिफ्टच्या गल्लीत याचा अर्थ काय होतो बघा. कुठल्या कामगाराला धोका जास्त? ज्याची पाठ फोर्कलिफ्टकडे आहे, ज्याला ती येताना दिसत नाहीये त्याला. आणि नेमका त्याचाच बीकन त्याच्याच अंगाआड जातो. समोरून बघत येणाऱ्याच्या वेळी आमचा भोंगा अगदी वेळेवर वाजायचा, पण त्याला भोंग्याची गरजच काय? आणि माझ्या कालमान फिल्टरने काय केलं होतं, तर दहा मीटर हे चुकीचं उत्तर अगदी स्थिर, गुळगुळीत करून दाखवलं होतं. वर एक-दीड सेकंदाचा उशीर फुकट.

सोमवारी मी हे मॅनेजरला सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "क्लायंटला सांगू की बीकन हेल्मेटवर लावा." लावले. फरक पडला, डोकं कमरेइतकं आड येत नाही. पण दोन माणसं बोलत उभी राहिली की एकाच्या आड दुसरा, आणि लोखंडी रॅकचा प्रश्न होताच. शेवटी मी मेल लिहिला की ही सिस्टीम "आसपास कोणीतरी आहे" एवढं सांगू शकते, "तीन मीटरच्या आत कोणी नाही" असं ती कधीच सांगू शकत नाही. त्या मेलवर चार दिवस उत्तर नव्हतं. मग कारखान्याने गल्ल्यांमध्ये पिवळे पट्टे आखून चालायची वाट रेलिंग लावून वेगळी केली, आणि आमचं काम "फेज टू" मध्ये ढकललं. फेज टू अजून आलेली नाही. :-) मला विचाराल तर रेलिंगच बरोबर होतं. त्याला बॅटरीही लागत नाही.

हे सगळं आठवलं की २०२० आठवतो. तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो. २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतु आलं आणि घरोघरी मोबाइलवर डाउनलोड झालं. आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव त्याच महिन्यात राज्यातलं मोठं हॉटस्पॉट बनलं होतं. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथने एकमेकांची नोंद ठेवायची, आणि पुढे कोणी पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या जवळ आलेल्यांना कळवायचं, अशी ती कल्पना. जगभर तेव्हा हेच चालू होतं. सिंगापूरने मार्चमध्येच ट्रेसटुगेदर काढलं होतं, एप्रिलमध्ये गूगल आणि अ‍ॅपल एकत्र आले. आणि आपल्या नाशिकचे रमेश रासकर, एमआयटी मीडिया लॅबवाले, त्यांनी सेफ पाथ्स काढलं. त्यांची सुरुवात मात्र ब्लूटूथच्या अंतरापासून नव्हती, फोनमध्येच राहणाऱ्या जीपीएसच्या नोंदींपासून होती.

मालेगावात यंत्रमाग, दाटीवाटीची वस्ती, दोन घरांत एकच भिंत. आता रेडिओच्या नजरेने बघा. चार इंची विटांच्या भिंतीपलीकडे झोपलेला शेजारी, ज्याच्याकडून तुम्हाला काही होणार नाही, त्याचा सिग्नल बऱ्यापैकी येणार. आणि रेशनच्या रांगेत तुमच्या पुढे पाठ करून उभा असलेला माणूस, पुढच्या खिशात फोन, एका हाताच्या अंतरावर, तो लांब दिसणार. भिंत आरपार, माणूस मात्र नाही. विषाणूचं नेमकं उलटं.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या लीथ आणि फॅरेल या दोघांनी २०२० मध्ये ट्रामच्या डब्यात माणसं बसवून, फोन देऊन हे मोजलं. गूगल-अ‍ॅपलची यंत्रणा, वर वेगवेगळ्या देशांनी ठरवलेले नियम. फोनच्या जोड्यांपैकी निम्म्या जवळपास दोन मीटरच्या आत होत्या. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या नियमांनी त्यातली एकही पकडली नाही. इटलीच्या नियमाने जवळच्यांपैकी निम्मे पकडले आणि लांबच्यांपैकीही निम्मे! म्हणजे छापा-काटा केला असता तरी चाललं असतं. डबा लोखंडी, बाकं लोखंडी, मधे माणसं. आमचं गोडाऊनच ते.

ही अ‍ॅप्स वाईट होती असं मी म्हणत नाही. ज्या घाईत ती झाली ते बघता इंजिनिअरांनी खूपच केलं. फोनच्या प्रत्येक मॉडेलचा अँटेना वेगळा म्हणून गूगल-अ‍ॅपलने मॉडेलवार दुरुस्तीचे तक्ते केले. काही जणांना वेळेवर सूचना मिळाली असेल, त्यातून कोणी वाचलंही असेल. माझी तक्रार वेगळी आहे. त्या काळात अ‍ॅप हिरवं दिसलं की लोक निर्धास्त व्हायचे. मीही व्हायचो. सूचना आली तर तिला काहीतरी अर्थ होता, पण सूचना *न येणं* याला फारसा अर्थ नव्हता, आणि हे कुणी कुणाला सांगितलं नाही. हिरव्या रंगाखाली एक ओळ लिहायला काय हरकत होती?

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, ब्लूटूथचा जोर सोड, नवीन तंत्रं आहेत की. आहेत. आणि ती खरोखर चांगली आहेत. सिग्नलचा जोर न बघता त्याला जायला-यायला लागलेला वेळ मोजायचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, रेडिओही तेवढाच. म्हणजे घड्याळ नॅनोसेकंदाचं हवं. साध्या क्रिस्टलच्या घड्याळात दहा लाखात वीस भागांची चूक धरली, आणि समोरच्याने उत्तर द्यायला एक मिलिसेकंद घेतला, तर तेवढ्यात २० नॅनोसेकंद हुकले. ६ मीटरचा प्रवास, जाणं-येणं धरून ३ मीटरची चूक. म्हणून उलटसुलट दोनदा मोजून ही चूक कापतात. अल्ट्रा वाइडबँडमध्ये, म्हणजे यूडब्ल्यूबीमध्ये, हे जमतं, कारण ५०० मेगाहर्ट्झ रुंदीची लहर दोन नॅनोसेकंदाची टोकदार टिचकी मारते. आयफोनमध्ये ही चिप २०१९ पासून आहे. समोरासमोर, मधे काही नसताना दहा सेंटिमीटरपर्यंत उत्तर येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खरंच शिटी मारली होती. ब्लूटूथनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ६.० आवृत्तीत चॅनेल साउंडिंग आणलं. एका चॅनेलची रुंदी १-२ मेगाहर्ट्झ, तेवढ्यात वेळ बारकाईने मोजता येत नाही, म्हणून बऱ्याच चॅनेलवर फेज बघून त्यांतल्या फरकावरून अंतर काढायचं. हुशारी आहे.

पण बाबांचा प्रश्न इथेही विचारा : चूक कुठल्या बाजूला? मधे माणूस उभा राहिला की सरळ येणारी टिचकी क्षीण होते, कधीकधी रिसीव्हरला ऐकूच येत नाही. मग तो भिंतीवरून आपटून आलेली टिचकी पहिली समजतो. तो रस्ता नेहमी लांबचा, आखूड कधीच नाही. म्हणजे चूक लहान झाली, दहाची दोन-तीन मीटरवर आली, पण झुकते त्याच बाजूला. जवळचा माणूस लांब.

तर आता पुन्हा मिसळीच्या टेबलावर येऊ. सिंहस्थ.

२००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला, शाही स्नानाच्या दिवशी, पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. मी तेव्हा लहान होतो. आई त्या दिवशी रेडिओ बंद करत नव्हती एवढं आठवतं. त्यामुळे गर्दीसाठी कोणी काही करू म्हणत असेल तर मला त्याची चेष्टा करायची नाही, उलट करायलाच हवं. पण काय मोजायचं ते तरी नीट बघू या.

गर्दीत एका चौरस मीटरला तीन माणसं असतील तर दाटी आहे, पण चालता येतं. सहा झाली की माणसं स्वतःच्या मनाने हलेनाशी होतात, लोंढाच त्यांना नेतो. आता या दोन्हींमध्ये माणसामाणसातलं अंतर काढा. तिनाला साधारण ५८ सेंटिमीटर, सहाला ४१. फरक १७ सेंटिमीटर! एक वीतसुद्धा नाही. सुरक्षित आणि जीवघेणं यांच्यामधलं अंतर एवढं, आणि आपण ते मोजायला निघालोय कशाने, तर जे दोन मीटरचे दहा सांगतं त्याने.

त्यात गर्दी म्हणजे काय? पाण्याच्या पिशव्या, खेटून उभ्या. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस, ओले कपडे, आणि मनगट पाण्याखाली. गर्दी जितकी दाट तितका सिग्नल जास्त खाल्ला जाणार, म्हणजे पट्टे एकमेकांपासून तितके *लांब* दिसणार. नकाशावर तो भाग लाल व्हायच्या ऐवजी हिरवा होईल. माझ्या मित्राच्या सिस्टीमची हीच गोष्ट मला त्या सकाळी सांगता आली नाही. ती गर्दीत नुसती कमी अचूक होणार नाही, ती गर्दीत उलटी चालेल.

२०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी रासकरांच्या पुढाकाराने कुंभथॉन झालं होतं, त्यातल्या मंडळींत नाशिकचा एक शाळकरी मुलगा होता. त्याने काय केलं? दाबाचे सेन्सर बसवलेली एक चटई. रस्त्यावर टाकायची, लोक तिच्यावरून चालत जाणार, पावलं मोजायची. इथून किती आत गेले, तिथून किती बाहेर आले, म्हणजे मधे किती अडकलेत. अंतर नाही, रेडिओने ताडणं नाही. वजन पडलं की पाऊल. मला ती चटई फार आवडते. चुकत ती पण असेल, लोक उड्या मारून जात असतील, पण तिला गर्दी जितकी जास्त तितका सिग्नल जास्त मिळतो. चूक असली तरी निदान खरं सांगायच्या दिशेने तोंड करून आहे.

मग पट्टे फेकून द्यायचे का? मुळीच नाही. हरवलेलं पोर कुठल्या चौकात आहे हे सांगायला ब्लूटूथ उत्तम. खांबाखांबावर रिसीव्हर लावा, ज्याने पट्टा ऐकला त्या खांबाच्या आसपास मूल आहे, जा आणि शोधा. सहा वर्षांचं पोर रडत बसलं असेल तर त्याच्या आईला "दुतोंड्या मारुतीजवळ" एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, मीटर-सेंटिमीटर कोण विचारतंय. इथे ऐकू आलं तर फायदा, नाही आलं तर आपण होतो तिथेच, हरवलेल्यांच्या तंबूत. पण शांततेवर विसंबून "सगळं ठीक आहे" म्हणायचं, हे मला नाही पटत. कारखान्यात नाही, साथीत नाही, घाटावर तर नाहीच नाही.

मला माहितीये, असं प्रपोजल विकलं जात नाही. "आसपास असेल" हे स्लाइडवर दिसायला अगदीच पडेल दिसतं, आणि शेजारच्या स्टॉलवाला "अचूकता ३० सेंटिमीटर" लिहून बसलेला असतो. निविदेत तर रकानाच असतो अचूकतेचा, तो रिकामा ठेवून कसं चालेल. त्या रकान्यापुढे अजून दोन रकाने हवेत असं माझं मत आहे : "मधे माणूस उभा असताना किती?" आणि "चूक कुठल्या बाजूला?" ज्याला हे दोन भरता येत नाहीत त्याने गोदाघाटावर पट्टा आणू नये. मी स्वतः त्या गोडाऊनच्या कामात भरू शकलो नसतो, पहिल्या महिन्यात तरी.

काल रात्री मित्राला फोन करून हे बरंचसं सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "ते हरवलेल्या मुलांचं चांगलंय, तेच पुढे घेतो. पण गर्दीचं पण राहू दे ना रे, फक्त आकडा बदलतो." सकाळी मेलवर नवी फाइल आली. स्लाइड सात उघडून पाहिली : अचूकता १ ते ३ मीटर.

आज संध्याकाळी पाचला त्याला रामकुंडावर बोलावलंय. बीकन माझ्याकडे आहेत, टेप बाबांचा घेतोय. बाबा म्हणाले मीपण येतो, टेप तुम्हाला सरळ धरता येत नाही.